गळ, गल आणि गोल्फ

माझ्या आईला ‘ळ’ म्हणता येत नाही असं नाही. तिला त्याची गरज वाटत नाही. दांड्याच्या कोळीवाड्यात ब्याऐंशी वर्षं ‘ल’वर भागलं, आता म्हातारपणी आणखी एक अक्षर कशाला पोसायचं, असा तिचा हिशेब. मासळी म्हणजे मासली, जवळा म्हणजे जवला, नारळ म्हणजे नारल. मी शाळेत गेलो, पुढे बँकेत लागलो आणि त्या वाटेवर कुठेतरी मला ‘ळ’ लागला तो सुटलाच नाही. घरात त्यावरून कधी वाद झाला नव्हता. झाला तो मी निवृत्त झाल्यावर.

“आये, मागच्या अंगणात एक गल करतोय,” मी म्हणालो.

गल म्हणजे गोट्या खेळताना टाचेने जमिनीत करतात तो खळगा. पण ‘ळ’ नसलेल्या घरात गळसुद्धा गलच असतो. आई सोडे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अंगनात गल टाकून कं मिलनार? गल दर्यात टाकतात.”

“तो गळ. मी गल म्हणतोय.”

“मी पन गलच म्हनतंय.”

मग मी गोल्फ म्हणजे काय ते सांगितलं. पांढरा चेंडू, हातात काठी, दूरवर एक भोक, त्यात चेंडू घालायचा. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आनि मंग?” मी म्हणालो, मग तो बाहेर काढायचा आणि पुढच्या भोकाकडे जायचं. आईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

खूळ डोक्यात शिरलं त्याची तारीख माझ्याकडे आहे: ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. त्या दिवशी संध्याकाळी नीरज चोप्राने टोकियोत भाला फेकला, त्यामुळे सकाळचं आता कुणाला आठवत नाही. सकाळी अदिती अशोक ही बंगळूरची मुलगी ऑलिंपिकच्या गोल्फमध्ये पदकाच्या हाताशी आली होती. ज्या देशात गोल्फ हा हिंदी सिनेमातल्या श्रीमंत बापाचा खेळ मानला जातो, तो देश त्या पहाटे दात न घासता टीव्हीसमोर बसला. आदल्या रात्रीपर्यंत लशीच्या दुसऱ्या डोसवर बोलणारे माझे बँकेतले मित्र ग्रुपवर बर्डी, बोगी, पार असं लिहू लागले. बोगी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर सव्वानऊच्या चर्चगेट लोकलचा डबा यायचा. तरी मीही ‘बोगी टाळायला हवी’ असं लिहून टाकलं. मध्येच टोकियोत वादळ आलं, खेळ थांबला, आणि आम्ही सगळे हवामानखात्यावरही बोललो. शेवटी न्यूझीलंडच्या लिडिया कोला कांस्य मिळालं आणि अदिती एका फटक्याने चौथी आली. अठराव्या होलवरचा तिचा लांबचा फटका भोकात जाऊन बसला नाही.

मला त्या मुलीची एक गोष्ट मनापासून आवडली. इतरांइतका लांब चेंडू तिच्या हातून जात नव्हता. पण हिरवळीवर पोचली की नेम सोडत नव्हती. कर्जवसुली विभागात आयुष्य काढलेल्या माणसाला हे तंत्र लगेच पटतं. दुरून कितीही मोठा आवाज करा, पैसे शेवटी दारात उभं राहूनच मिळतात. हिरवळीवरच्या या शेवटच्या हलक्या फटक्याला पटिंग म्हणतात. नीट पाहिलं तर ते दुसरंतिसरं काही नसून गोट्याच आहेत: उभ्याने, काठीने आणि पँटचे गुडघे न मळवता खेळलेल्या. गोट्यांत मी दांड्यात कुणाला ऐकत नव्हतो. भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर असतो हे वाचलं तेव्हा तर मला खूणच पटली. चेंडू असतो ४२.६७ मिलिमीटरचा, म्हणजे भोकात अडीच चेंडू बसावेत इतकी प्रशस्त जागा. तरी माणसं चुकतात. जपमाळेचंही तसंच असतं म्हणा. मणी १०८, लक्ष पहिल्या तीनांतच उडतं.

आता जागेबद्दल. गोल्फवाल्या पुस्तकांत सगळीकडे ‘घराच्या मागच्या बागेत’ असं लिहिलेलं असतं. खारदांड्यात घराच्या मागे दुसरं घर असतं. खार स्टेशनला उतरून पश्चिमेला निघालात की रिक्षावाला एका वळणावर “आगे नहीं जाएगी” म्हणतो. तिथून आम्ही सुरू होतो. एका अंगाला युनियन पार्क आणि पाली हिल, जिथे कुत्र्यांना फिरवायला माणसं ठेवतात. दुसऱ्या अंगाला समुद्र. आणि मध्ये आमच्या गल्ल्या. गल्लीतून एका वेळी एकच माणूस जातो. समोरून दुसरा आला तर दोघांपैकी एकाने जवळच्या घरात शिरून चहा घ्यायचा, अशी वहिवाट आहे. आमच्या बऱ्याच जुन्या मैत्र्या अशाच जमल्या.

त्यातून आमच्या घराला मागे मोकळी जागा उरली ती आजोबांच्या हट्टाने. जाळी पसरायला हवी म्हणून त्यांनी सोडलेली बावीस फूट बाय नऊ फूट. त्यात बोंबील टांगायची बांबूंची वलांडी, निळा ड्रम, कपड्यांचा दगड, थर्माकोलचे चार खोके आणि होडी चालवणाऱ्या पुतण्याच्या जाळ्यांचा ढीग. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा, त्याच्याकडे अठरा होल आहेत. माझ्याकडे एकशे अठ्ठ्याण्णव चौरस फूट होते. मुंबईत एवढ्या जागेला गोल्फचं मैदान म्हणत नाहीत, वन आरके म्हणतात.

धीर दिला तोही चेंबूरनेच. तिथल्या मैदानावर साहेबांच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडी पोरांनी आपल्या झोपडपट्टीच्या बोळांत गोल्फ सुरू केला होता. लोखंडी सळई वाकवून काठी, प्लॅस्टिकचा चेंडू, भिंतीला टप्पा देऊन वळण घ्यायचं, आणि भोक म्हणजे सापडेल तो खड्डा. परदेशी वार्ताहर कॅमेरे घेऊन आले होते त्यांच्याकडे. ज्यांना आतल्या हिरवळीवर फक्त ओझं घेऊन चालता येत होतं, त्यांनी बाहेर येऊन खेळाचा नवा प्रकारच काढला. त्यांच्यापेक्षा माझी परिस्थिती कितीतरी बरी. माझ्याकडे पेन्शन होती.

काठी मी चोर बाजारातून आणली. इंग्रजी अक्षरं कोरलेलं जड डोकं, कातडी मूठ. विकणारा म्हणाला, अंग्रेज के जमाने का पीस है. घरी येऊन दोन दिवस खेळल्यावर कळलं की तो साहेब डावखुरा होता.

मग टर्फवाला शोधला. माझ्या नोकरीच्या काळात मुंबईत टर्फ म्हणजे महालक्ष्मीचा रेसकोर्स; त्या शब्दाला घोड्यांचा आणि बुडालेल्या पगारांचा वास होता. आता अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत टर्फ म्हणजे जाळी लावलेला हिरवा चौकोन, ज्यात पोरं रात्री बारा वाजता दिव्यांच्या उजेडात बॉक्स क्रिकेट खेळतात. ‘टर्फ बुक केलंय’ हे वाक्य आता लग्नाच्या हॉलइतक्या गांभीर्याने बोललं जातं. माझा टर्फवाला असे सहा-सात चौकोन घातलेला, पंचविशीतला, अतिशय नम्र मुलगा होता. त्याने जमिनीवर खोट्या गवताच्या नमुन्याचे तुकडे मांडले. बाल्कनीत घालतात ते लांब, मऊ, पस्तीस-चाळीस मिलिमीटरचं. पटिंगसाठी आखूड, दाट, दहा-पंधरा मिलिमीटरचं. आईने आखूड तुकड्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “चार दिसांची दाढी हाय.”

“आजी, हे कधी वाळत नाही, वाढत नाही, पाणी लागत नाही,” तो म्हणाला.

“खातंय कोन?”

“कोणी नाही खात.”

“मंग गवत कशाला बोलतंस त्याला?”

त्याने दर सांगितला. आईने विचारलं, “किलोला?”

चौरस फुटाला, हे कळल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मनातल्या मनात तिने माझी एकूण हिरवळ पापलेटांत मोडली असावी, कारण त्यानंतर महिनाभर आमच्याकडे पापलेट आलं नाही.

पोरगा म्हणाला होता चार इंच खणायचं, तीन दिवसांचं काम. खणायला दोन दिवस लागले, कारण दर दोन फावड्यांनंतर काम थांबवून आईला बोलवावं लागायचं. कालवांचे शिंपले, फुटकी कौलं, एक गंजलेला छोटा नांगर, जाळ्याला लावतात तसले शिशाचे तुकडे. प्रत्येक तुकडा ती हातात घेऊन उलटसुलट करायची. “ह्यो तुज्या बापाचा.” “ह्यो तुज्या आज्याचा.” एका तुकड्याजवळ थांबली आणि काही न बोलता ओच्यात टाकून आत गेली. टर्फवाल्याने मला हळूच विचारलं, “सर, सोनं होतं का?” मी म्हणालो, शिसं. त्याचा विश्वास बसला नाही आणि पुढचं खणकाम त्याने जातीने केलं.

खड्डा तयार झाल्यावर खालून वर असा थर लागतो: माती सुटू नये म्हणून कापड, त्यावर खडी, त्यावर दगडाची बारीक कच, आणि हे सगळं इतकं घट्ट ठोकायचं की टाच रुतता कामा नये. ठोकायचं यंत्र गल्लीच्या तोंडाशी येऊन अडकलं. आत येईना, मागे जाईना. दोन तास अख्खा मोहल्ला एकमेकांच्या घरी चहा पीत बसला. शेवटी दुरमूस आणला आणि धप्प धप्प सुरू झालं. खडीच्या पाट्या डोक्यावरून आत जाताना बघून एकाने विचारलं, “संडास काढतंस काय?” दुसऱ्याला वाटलं मजला चढतोय. पण खरी खळबळ उडाली ती टर्फवाल्याने दोऱ्या लावून पातळी घेतली तेव्हा. कोळीवाड्यात दोरी आणि खुंटी दिसली की लोकांना एकच शब्द आठवतो: सीमांकन. कोळीवाड्यांच्या हद्दी आखायचं काम आणि त्यावरचे वाद इतकी वर्षं चालले आहेत, की मोजपट्टी बघून आमच्याकडे पाळण्यातलं पोरसुद्धा हरकत नोंदवतं. संध्याकाळी पंधरा माणसं आली. मी त्यांना सांगितलं की हे सरकारी नाही, गोल्फ आहे. एक ज्येष्ठ म्हणाले, “त्यापेक्षा सरकारी बरं होतं. विरोध तरी करता आला असता.”

चौथ्या दिवशी गवताची गुंडाळी आली, चार माणसांच्या खांद्यावरून. ती कशी दिसत होती ते लिहीत नाही, पण वाटेत दोघांनी टोप्या काढल्या. पसरली, कडा कापल्या, सांध्याखाली पट्टी आणि गोंद, कडेने खिळे, मग वरून बारीक वाळू टाकून झाडूने पात्यांत जिरवली. वाळूने पाती उभी राहतात आणि चेंडू सरळ पळतो. दांड्याला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, मी पैसे मोजून गोणीबंद वाळू आणली, याची गावात स्वतंत्र नोंद झाली.

खोट्या गवतावर माझा जुना राग आहे, तो इथे सांगून टाकतो. हे गवत गाजलं ते अमेरिकेत ह्यूस्टनला. त्यांनी बेसबॉलसाठी छप्पर असलेलं प्रचंड मैदान बांधलं, अ‍ॅस्ट्रोडोम. छपराला पारदर्शक तावदानं, आत खरं गवत. खेळाडूंना वर बघितलं की चकाकीत चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवली. तर गवताला ऊन मिळेना, ते मेलं. काही काळ म्हणे मेलेल्या गवताला हिरवा रंग देऊन भागवलं. मग १९६६ साली प्लॅस्टिकचं घातलं आणि त्याला अ‍ॅस्ट्रोटर्फ नाव पडलं. म्हणजे एक चूक झाकायला दुसरी, दुसरी झाकायला तिसरी. आमच्या बँकेतही कर्जखाती अशीच हिरवी दिसायची. इथवर हरकत नव्हती. पण १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये त्यांनी हॉकी त्या गवतावर खेळवली आणि १९२८ पासून दर खेपेला पदक आणणारा आपला संघ सातवा आला. मी चौदा वर्षांचा होतो. रेडिओ बंद करून काका म्हणाले, चटईवर कसली हॉकी. अठ्ठेचाळीस वर्षांनी तीच चटई मी स्वखर्चाने घरात आणली होती. सूड म्हणून आणली, असं मी आईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, ज्याच्यावर सूड घ्यायचा त्याला पैसे देत नाहीत.

हिरवळ झाली. बावीस फुटांच्या टोकाला १०८ मिलिमीटरचा डबा पुरला आणि त्यात झेंडा रोवला. सरावाच्या हिरवळीवर छोटे झेंडे असतात, पण मी मैदानावरचा पुरता सात फुटी मागवला. गल एकच असली तरी त्यावर ‘१८’ लिहून घेतलं. शेवटच्या होलवर आल्याचा रोज आनंद. झेंडा लाल असल्यामुळे दोन दिवस येणारेजाणारे पक्ष विचारत होते.

हिरवळीवरचा पहिला चेंडू मी डावखुऱ्या काठीने मारला तो सरळ गटारात गेला. दुसराही. तिसरा मी मारलाच नाही, नुसता खाली ठेवला, तोही गेला. टर्फवाला म्हणाला, “सर, पावसाचं पाणी जायला हवं ना, उतार दिलाय. शंभरला एक.” पाण्याला जे कळतं ते चेंडूलाही कळतं. गोल्फमध्ये या वळणाला ब्रेक म्हणतात आणि तो वाचणं ही मोठी विद्या आहे. खेळाडू उकिडवे बसून, एक डोळा मिटून तासभर जमिनीकडे बघतात. मीही बसलो. आमच्याकडे पहाटेच्या वेळी पुरुष असा उकिडवा बसलेला दिसला तर लोक तोंड फिरवून जातात, त्यामुळे सरावाला एकांत मिळाला.

हिरवळीचा वेग मोजायचं साधन असतं, तेही केलं. १९३५ साली ओकमाँटला अमेरिकन ओपन बघताना एडवर्ड स्टिंपसन या गृहस्थाला वाटलं की इथली हिरवळ अतिच वेगवान आहे. मग ते सिद्ध करायला त्याने एक पन्हळ बनवली. तिचं नाव स्टिंपमीटर. हल्लीची छत्तीस इंची असते. वरच्या खाचेत चेंडू ठेवून पन्हळ हळूहळू उचलायची. साधारण वीस अंशाला चेंडू सुटतो, तो जितके फूट जाईल तितका वेग. आमच्या सुताराने पडद्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीतून मला ती करून दिली. नियम असा की एका दिशेने मोजायचं, मग उलट दिशेने, आणि सरासरी काढायची. माझी मापं अशी आली: एका दिशेला सात फूट, दुसऱ्या दिशेला अरबी समुद्र. सरासरी निघाली नाही.

मग मांजरं आली. कोळीवाड्यातल्या मांजरांना उभ्या आयुष्यात कोरडी, बारीक, चाळलेली वाळू मिळालेली नसते. कुणीतरी आपल्यासाठी एवढा खर्च केला याचं त्यांना अप्रूप वाटलं असावं. पहिल्या आठवड्यात सहा होती, नंतर चिंबई-चुईमकडची पाहुणी मंडळीही दिसू लागली. ती आपलं काम उरकून शिस्तीत पाती ओरबाडून झाकत आणि निघताना गलीत डोकावून जात. टर्फवाल्याला फोन केला तर म्हणाला, पाणी मारा सर. ज्या गवताला पाणी लागत नाही म्हणून मी घेतलं होतं, त्याला मी रोज दोन बादल्या घालू लागलो. बाजूला एक कावळाही असायचा. तो चेंडू उचलून शेजारच्या पत्र्यावर टाकायचा आणि तो ठणठणत खाली आला की पुन्हा उचलायचा. आमच्या दोघांत नियमित सराव त्याचाच होता.

आणि एप्रिलमध्ये आईला शोध लागला.

खोटं गवत उन्हात तापतं. खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त, कारण खरं गवत पाणी सोडून स्वतःला गार ठेवतं आणि प्लॅस्टिक नुसतं भाजत बसतं. दुपारी त्यावर अनवाणी पाय टेकत नाही. ही तक्रार मी जेवताना केली. आई जेवायची थांबली. “किती तापतंय?” तिने विचारलं. मी अभिमानाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाहेरून आलो तर बावीस बाय नऊ फूट हिरवळीवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, गुलाबी जवळा पसरलेला. मधोमध झेंडा. आगोट तोंडावर आली होती. पावसाळ्याची बेगमी म्हटली की आमच्याकडे माणसाने बिछान्यातूनही उठून जागा द्यायची असते, तिथे माझ्या अठराव्या होलचं काय.

“ह्ये चांगलं केलंस,” आई म्हणाली. माझ्या निवृत्तीनंतर तिने माझं केलेलं हे पहिलं कौतुक.

जवळा दीड दिवसात कडकडीत वाळला. प्रश्न गोळा करताना आला. जवळा म्हणजे केवढा, तर पात्याएवढा. तो पात्यांत जाऊन बसला आणि वर येईना. झाडूने काढला तर वाळूसकट आला. पाखडला, चाळला, पुन्हा पाखडला. नेहमीची एक पाली हिलवाली बाई दरवर्षी आईकडून शेरभर नेते, तिने पिशवी उघडून विचारलं, “यात कोथिंबीर आधीच घातलीये का?” ते माझं गवत होतं. आईने त्या बाईला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण मला काय सांगितलं ते तीन गल्ल्यांत ऐकू गेलं. वासाचं वेगळंच. खऱ्या जमिनीत वास मुरतो, विरतो. प्लॅस्टिकमध्ये तो भाडेकरूसारखा राहतो. त्या वासावर वरसोव्यापर्यंतची मांजरं आली असावीत.

आता जागेवर हक्क कुणाचा, हा वाद पेटला. मी माझ्या बाजूने पुरावा शोधायला बसलो; गोल्फ हा किती जुना, किती खानदानी खेळ आहे ते आईला दाखवावं म्हणून. बँकेच्या सवयीने मूळ कागदापर्यंत गेलो आणि तिथेच बुडालो.

झालं असं, की गोल्फ जन्मला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, समुद्र आणि शेत यांच्या मधल्या खाऱ्या, वाळूच्या पट्ट्यात. नांगर चालत नाही म्हणून जी जमीन कुणाला नको होती, तिला ते लिंक्स म्हणतात; आम्ही खार म्हणतो. सेंट अँड्र्यूज ही गोल्फची काशी, पण ते समुद्रकाठचं गाव. तिथल्या बायका जुन्या मैदानाच्या ओढ्यावर कपडे धूत आणि तिथेच वाळत घालत. एकोणिसाव्या शतकातल्या तिथल्या नियमांत चक्क लिहिलंय की चेंडू कपड्यांवर पडला तर कपडे खालून ओढून घ्यावेत, धुण्याचा टब आड आला तर तो बाजूला करावा. टब हलवा असं आहे, बाईला हलवा असं कुठेही नाही. इथवर मी सावरून होतो. पुढे मसलबरा नावाचं गाव लागलं. नावातच शिंपले असलेलं, मासेवाल्यांचं गाव. तिथल्या गोल्फ क्लबच्या डिसेंबर १८१० च्या इतिवृत्तात ठराव आहे: येत्या नववर्षाला गावातल्या कोळणींची गोल्फ स्पर्धा घ्यावी, आणि जी जिंकेल तिला बक्षीस म्हणून मासळीची नवी पाटी द्यावी. शिवाय बार्सिलोनाचे दोन रेशमी रुमाल. बायकांच्या गोल्फ स्पर्धेची एवढी जुनी नोंद दुसरी मिळत नाही. चेंबूर, पाली हिल, सगळं नंतरचं. त्याआधी कोळणी मासे विकून येऊन गल मारत होत्या.

हे आईला सांगू नये असं मला वाटत होतं. बायकोने सांगितलं.

आईने नीट ऐकलं. रुमालांचं तिला काही वाटलं नाही. “पाटी कसली? येताची?” मी म्हणालो, वेताचीच असणार. “नवी?” नवी. “मंग बराबर हाय,” ती म्हणाली आणि अंगणात जाऊन हिरवळीकडे अशी बघून आली, जशी वारसानोंद झाल्यावर माणसं सातबाऱ्याकडे बघतात. “बाला, ह्यो आमचाच खेल हाय. तू बँकेत होतास, तुना कं म्हाईत.”

त्यानंतर तह झाला. सेंट अँड्र्यूजच्या धर्तीवर दांड्याचे स्थानिक नियम मी वहीत लिहून काढले. उन्हं असेपर्यंत जागा जवळ्याची, मात्र खाली ताडपत्री. चार वाजल्यानंतर गोल्फची. चेंडू ताडपत्रीवर गेल्यास जवळा न हलवता चेंडू उचलावा, आणि तो धुऊन मगच पुन्हा ठेवावा. धुवायचा चेंडू, जवळा नव्हे, हे आईने वेगळं लिहायला लावलं. वलांडीवरच्या बोंबलाला चेंडू लागून बोंबील पडल्यास एक फटका दंड आणि बोंबलाची किंमत रोख. मांजराने चेंडू हलवला तर तो दैवी अडथळा समजावा. कावळ्याने नेला तर फेरी संपली.

१ जूनला मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या गेल्या आणि पाऊस लागला. कबूल केलं पाहिजे, टर्फवाल्याने उतार अचूक दिला होता. पूर्ण पावसाळ्यात अंगणात पाणी तुंबलं नाही. साचलं ते फक्त गलीत. एका सकाळी हात घातला आणि तितक्याच वेगाने काढला: आत मुठीएवढी चिंबोरी बसली होती. बायकोने चिमट्याने काढली. आईने कालवणात टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ती स्वतः गलीत डोकावून येऊ लागली. “पोराच्या गलाला कायतरी लागलं,” असं तिने शेजारी सांगितलं. आता ती कुठल्या गलाबद्दल बोलत होती ते मी विचारलं नाही. गळ म्हणा, गल म्हणा; निकाल तिच्या अक्षराच्या बाजूने लागला होता.

नारळी पौर्णिमेला नारळ सोडून आलो तर अंगणात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. झेंडा नव्हता. पुतण्याला फोन लावला. मागे इंजिनाचा आवाज.

“काका, जाल्याचा बावटा मोडला होता, तुमचा घेतला. मस्त हाय, लांबून दिसतो. परत देतो हंगाम झाला की.”

जाळं समुद्रात नेमकं कुठे टाकलंय ते लांबून कळावं म्हणून होडीवाले तरंगत्या बोयाला असा झेंडा लावतात. म्हणजे लाल कापडावरचा माझा अठरा नंबर सध्या भरसमुद्रात, लाटांवर उभा आहे. मी गच्चीवर जाऊन पाहिलं. एवढ्या लांबून दिसत नाही. पण दिशा साधारण कळते, गटाराच्याच रेषेत आहे, आणि उतारही तिकडेच. गल मात्र इथेच आहे, जवळ्याच्या ताडपत्रीखाली. पार किती धरायचा, एवढंच ठरायचं बाकी आहे. आई म्हणते, आधी भरती-ओहोटी बघ.